बाप्तिस्मा 1883 चा, खात्री 1891 ची: पंडिता रमाबाईंच्या तारणाचं प्रकरण

29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे पंडिता रमाबाई आणि त्यांची अडीच वर्षांची मुलगी मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे 1907 मध्ये रमाबाईंनी इंग्रजीत आपली साक्ष, म्हणजे स्वतःच्या विश्वासाची हकीकत, लिहिली. त्या साक्षीत त्यांची एक कबुली आहे: बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी मला कळून आलं, की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा जीव असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. आणि यात दोष कुणाचाच नव्हता, हेही त्या लगेच सांगतात. ख्रिस्ताविषयी त्यांना पहिल्यापासून सांगितलं जातच होतं.

तारणाची खात्री, म्हणजे पापातून आपली सुटका झाली आहे याची खात्री, या विषयावर मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बोलताना आपण बहुधा रोमकरांस पत्र उघडतो, नाहीतर कुणा परदेशी पाळकाची गोष्ट सांगतो. रमाबाईंचं नाव निघतं ते मुक्ती मिशनच्या संदर्भात, दुष्काळाच्या नाहीतर विधवांच्या संदर्भात. पण विदुषी, प्रामाणिक, प्रार्थनाशील, बाप्तिस्मा झालेली आणि तरीही देवासमोर उभं राहायला मी तयार नाही असं म्हणणारी बाई आपल्याच भाषेत होऊन गेली. तिने त्या अवस्थेचं निदान स्वतः करून ठेवलं आहे. म्हणून हे प्रकरण सविस्तर बघू.

अधिकार मिळाला, प्राप्ती नाही

रमाबाईंचा जन्म 1858 चा, गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, आणि मुलीला ते आईने शिकवलं. कुटुंब तीर्थाटन करत, पुराणं सांगत हिंडायचं. जवळचा पैसा दानधर्मात आणि व्रतांत संपला, त्यात दुष्काळ आला आणि 1874 मध्ये आई, वडील आणि मोठी बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेले. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पुढे पायपीट करत 1878 मध्ये कलकत्त्याला पोचले. विधी सगळे केले, फळ आलं नाही, अशा मनःस्थितीत ही दोन भावंडं होती.

कलकत्त्यात त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. ख्रिस्ती लोकांची प्रार्थना त्यांनी तिथेच पहिल्यांदा पाहिली. मंडळी खुर्च्यांसमोर गुडघे टेकून बसलेली बघून हे लोक खुर्च्यांची पूजा करतात असं त्यांना वाटलं. त्यांना संस्कृत बायबलही भेट मिळालं, पण त्यातलं काही उमगेना. पुराण तोंडपाठ असणाऱ्या पंडितेला बायबल कळेना, ही बाब लक्षात ठेवायला हवी. अडचण बुद्धीची नव्हती.

कलकत्त्यातच धर्मशास्त्रं वाचताना एक गोष्ट त्यांना बोचली. इतर बाबतींत एकमेकांशी न जुळणारे ग्रंथ, स्त्रीला पुरुषासारखा मोक्ष मिळत नाही याबाबत मात्र त्यांना एकमताने बोलताना दिसले. म्हणजे तारणाचा प्रश्न रमाबाईंपुढे प्रथम आला तो अधिकाराचा प्रश्न म्हणून. मला मोक्ष मिळू शकतो की नाही?

ख्रिस्ती धर्माने या प्रश्नाला होय असं उत्तर दिलं. लग्नानंतर आसामात सिल्चरला असताना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत हाती लागली होती. पती बिपिनबिहारी दास मेधावी 1882 मध्ये वारले, रमाबाई पुण्यात आल्या. नीळकंठशास्त्री म्हणजे नेहेम्या गोरे यांच्या लेखनाने त्यांच्या बुद्धीला ख्रिस्ती धर्म पटला. गोरे यांचीही एक बाजू इथे सांगायला हवी. 1848 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या विद्वानाच्या मनाला नंतरही शंका छळत राहिल्या. रमाबाईंना ख्रिस्ती मताची सत्यता पटवून देणारा माणूस स्वतः शांत मनाचा नव्हता.

इंग्लंडला गेल्यावर फुलहॅम इथे त्यांनी सिस्टर लोकांचं, म्हणजे सेवेचं व्रत घेतलेल्या धर्मभगिनींचं, काम पाहिलं. समाजाने टाकून दिलेल्या बायकांना तिथे मायेने सांभाळलं जात होतं. असं का करता, असं रमाबाईंनी विचारलं तेव्हा एका सिस्टरने योहान 4 मधली, लोकांनी कमी लेखलेल्या शोमरोनी स्त्रीशी येशू विहिरीपाशी बोलतो ती गोष्ट वाचून दाखवली. रमाबाई हलल्या. स्त्रीला उचलून धरणारा हाच, याची त्यांना खात्री पटली.

बाप्तिस्म्याआधीच्या या सगळ्या कमाईत काय काय आहे पाहा. धर्म बुद्धीला पटला आहे, त्यातली नीती आवडली आहे, जात, वर्ण, लिंग असा भेद नाही याचा आनंद आहे, आणि स्त्रीला तारणाचा अधिकार आहे हेही कळलं आहे. यातलं काहीही खोटं नाही. पण ‘स्त्रीला तारण मिळू शकतं’ आणि ‘मला तारण मिळालं आहे’ या दोन वाक्यांत जे अंतर आहे ते यातल्या कशानेही भरून निघत नाही. रमाबाईंना ते अंतर दिसायला आठ वर्षं लागली.

वाँटेज ते बॉस्टन

बाप्तिस्म्याचा काळच विलक्षण ताणाचा होता. सोबत इंग्लंडला आलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेजलाच आत्महत्या केली होती. डॉक्टर व्हायचं रमाबाईंचं स्वप्न कान अधू असल्याने सोडावं लागलं. पुढे चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात त्या शिकल्या, संस्कृत शिकवलं, आणि तिथल्या प्राचार्य डोरोथिया बील आणि वाँटेजच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा लांबलचक पत्रव्यवहार झाला.

ही पत्रं आज वाचली तर रमाबाई किती कडक होत्या ते कळतं. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हे मत), ख्रिस्ताचं देवत्व, चमत्कार, मतांगीकार (विश्वासाचं ठरीव निवेदन), कशालाही त्या नुसत्या अधिकाराच्या जोरावर मान द्यायला तयार नव्हत्या. मे 1885 च्या पत्रात त्यांनी सिस्टर जेराल्डिन यांना बजावलं, की मोठ्या कष्टाने मी भारतातल्या पुरोहितवर्गाचं जू मानेवरून उतरवलं आहे, आता तसंच दुसरं जू घेणार नाही. सिस्टरना यात गर्व दिसला. मला दिसत नाही. स्वतःच्या विवेकाला उत्तर देणं भाग असलेला माणूस असंच बोलणार.

पण या पत्रव्यवहाराने एक झालं. चर्चा कायम ख्रिस्ताविषयीच्या मतांची राहिली. यातलं कोणतं मत खरं, हा प्रश्न रमाबाईंनी शेकडो तऱ्हांनी विचारला. मी देवासमोर कुठे उभी आहे, हा प्रश्न मागे पडत गेला. 1886 मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, तिथे तर पंथांचा बाजारच दिसला. ख्रिस्ती देशांतला हा पंथोपपंथांचा गोंधळ पाहून आपलं काय झालं असेल याची कुणाला कल्पना येणार नाही, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. बॉस्टनमध्ये त्यांच्या कामाला पैसा पुरवणारी रमाबाई असोसिएशन उभी राहिली, मार्च 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी आणि मुलींसाठी शारदा सदन ही निवासी शाळा सुरू झाली आणि 1890 मध्ये ती पुण्याला हलली. बाहेरून पाहणाऱ्याला हे सगळं यशच यश होतं.

त्यांनी स्वतः केलेलं निदान

साक्षीतला सर्वात मोलाचा भाग मला हा वाटतो. रमाबाई मागे वळून आपण कशावर भार टाकून उभ्या होतो ते सांगतात. पापाचा पश्चात्ताप आणि पाप सोडण्याचा निश्चय केला की क्षमा मिळते, अशी त्यांची समजूत होती. बाप्तिस्म्याच्या विधीनेच नवा जन्म होतो आणि त्या पाण्यात आपली पापं धुऊन गेली, ही दुसरी. शिवाय चांगला धर्म सापडल्याचं समाधान होतंच. आपल्या जुन्या धार्मिक विचारपद्धतीशी या समजुती मिळत्याजुळत्या होत्या म्हणून त्या मनाला चिकटून राहिल्या, असं त्या म्हणतात.

हे त्यांनी स्वतःविषयी म्हटलं आहे, तेव्हा ते दुसऱ्या कुणाच्या अंगावर फेकायचं हत्यार नाही. चार पिढ्या ख्रिस्ती असलेल्या घरांतही हीच पद्धत सुखाने नांदते. लहानपणी बाप्तिस्मा झाला, पुढे दृढीकरण झालं, प्रभुभोजन चुकवत नाही, दशमांश वेळेवर देतो, मग तारणाविषयी विचारलं की उत्तर येतं, ‘मेल्यावर कळेल.’ या उत्तराला आपण नम्रता समजतो. रमाबाईंनी त्याला नम्रता म्हटलं नाही. तारणाची वाट मरणानंतर पाहणारा माझा विश्वास निव्वळ बुद्धीचा होता, त्यात जीव नव्हता, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं.

आणखी एक कबुली आहे, आणि ती अभ्यासू माणसाला जास्त झोंबेल. पवित्र शास्त्र समोर उघडं असताना मी त्याला द्यायला हवा तेवढा वेळ दिला नाही, पवित्र शास्त्राविषयीची पुस्तकं वाचत राहिले, असं त्या सांगतात.

वळण

या सुमारास विल्यम हॅस्लम यांचं ‘फ्रॉम डेथ इन्टू लाइफ’ हे 1880 मध्ये निघालेलं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं. शास्त्राविषयीची पुस्तकं बाजूला ठेवायला एक पुस्तकच कारण झालं, ही गंमत आहे. पण हॅस्लमची हकीकत इथे नेमकी लागू पडत होती. कॉर्नवॉलमधल्या बाल्धू गावचा हा दीक्षित अँग्लिकन पाळक. 1851 मध्ये रविवारी उपदेश देत असताना, स्वतःच्याच उपदेशाने, त्याला आपली अवस्था उमगली, आणि ‘पाळकाचं मनपरिवर्तन झालं’ असं खाली बसलेल्यांपैकी एक जण ओरडला. दीक्षा झालेला, वेदीपाशी उभा राहणारा माणूसही रिकामा असू शकतो हे रमाबाईंना या हकिकतीतून दिसलं. मी स्वतः कुठे उभी आहे आणि माझी गरज नेमकी काय आहे, हा प्रश्न त्यांनी तेव्हा स्वतःला विचारला.

मग त्यांनी पवित्र शास्त्र घेतलं आणि थोडं थोडं वाचून त्यावर मनन सुरू केलं. सगळं कळलं असं नाही, हे त्या मोकळेपणाने सांगतात. त्रैक्याचं कोडं सुटलं म्हणून खात्री आली असं झालेलं नाही. एवढंच पक्कं झालं, की मला ख्रिस्ताचा धर्म मिळून भागणार नाही, मला ख्रिस्त हवा.

यानंतरचा काळ मात्र सुखाचा नव्हता. अस्वस्थता वाढली, प्रकृती बिघडल्यासारखी झाली, कित्येक रात्री झोप लागली नाही. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाशी त्यांनी स्वतःला ताडून पाहिलं: दत्तकपणाचा आत्मा मला मिळालेला नाही, मी देवाचं मूल आहे अशी आत्म्याची साक्ष माझ्यात नाही. पापाची सत्ता माझ्यावर चालते आणि देवाला भेटायला मी तयार नाही. विचार करून सुटेल असं यात काही उरलं नव्हतं. शेवटी त्यांनी काही एक अट न घालता स्वतःला तारणाऱ्याच्या हवाली केलं, तूच माझं नीतिमत्त्व आणि माझी मुक्ती हो अशी विनवणी केली, आणि आपल्याला खरोखर तारण मिळालं आहे हे उमगू दे अशीही प्रार्थना केली. देवाने दिलेल्या वचनावर विश्वास ठेवला, त्याचा शब्द खरा मानला, तेव्हा ओझं उतरलं.

या सगळ्यात क्रम बघण्यासारखा आहे. हलकं वाटलं म्हणून वचन खरं मानलं, असं झालं नाही. आधी वचन धरलं, मग मन हलकं झालं. ख्रिस्ताद्वारे देव देतो ते तारण आत्ताचं आहे, पुढे कधीतरी मिळायचं नाही, हे पवित्र आत्म्याने वचनातून आपल्याला स्पष्ट केलं असं त्या लिहितात. विश्वास ठेवणारा मरणातून जीवनात पार गेला आहे, हे योहान 5:24 चं म्हणणंही घडून गेलेल्या गोष्टीविषयीचं आहे. आणि त्या वेळी काय वाटलं याचं वर्णन करायचं रमाबाई चक्क टाळतात. मोठमोठ्या साक्षींची सवय झालेल्या आपल्यासारख्यांना हे जरा कोरडं वाटेल. मला ते फार शहाणपणाचं वाटतं, कारण भावनेचं वर्णन वाचलं की वाचणारा तीच भावना स्वतःत हुडकायला लागतो.

त्या दिवसाची तारीखही साक्षीत नाही. बाप्तिस्म्याची तारीख आपल्याला ठाऊक आहे, तारणाचं मात्र नुसतं साल, तेही ‘आठ वर्षांनी’ यावरून काढलेलं. ‘तुझं तारण कोणत्या तारखेला झालं?’ असं नव्या विश्वासणाऱ्याला दरडावून विचारणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

मग ती आठ वर्षं?

इथे मतभेद होतात, आणि ते खरे आहेत.

वाँटेजच्या सिस्टर म्हणाल्या असत्या, नवा जन्म 1883 मध्येच झाला, 1891 मध्ये रमाबाईंना मिळालेल्या देणगीची जाणीव झाली. रोमन कॅथलिक शिकवण आणखी सावध आहे. आपल्याला देवाची कृपा मिळाली आहे हे चूक होऊच शकणार नाही अशा विश्वासाच्या निश्चितीने कुणी जाणू शकत नाही, असं ट्रेंटच्या परिषदेने 1547 मध्ये ठरवलं. त्या परंपरेत खात्रीच्या जागी भक्कम आशा असते. सुधारणावादी, म्हणजे प्रोटेस्टंट, मंडळ्यांनी याला विरोध केला, पण त्यांनीही सरधोपट उत्तर दिलं नाही. 1646 च्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकाराचा अठरावा अध्याय म्हणतो, की खात्री मिळू शकते, मात्र ती विश्वासाचा असा अविभाज्य भाग नव्हे की तिच्याशिवाय विश्वासच नाही. खऱ्या विश्वासणाऱ्यालाही तिच्यासाठी दीर्घकाळ थांबावं लागू शकतं, अनेक अडचणींशी झगडावं लागू शकतं. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांना 24 मे 1738 रोजी लंडनमध्ये ती मिळाली तेव्हा त्यांना पाळकपदाची दीक्षा होऊन बरीच वर्षं झाली होती. आधी ते फार ठाम होते, वय वाढलं तसं मात्र खात्री नसलेल्यालाही देव स्वीकारतो असं मानू लागले.

रमाबाई स्वतः वेस्टमिन्स्टरइतक्या सौम्य नाहीत. मला ख्रिस्त मिळालाच नव्हता, असं त्या म्हणतात. आपण कशावर भार टाकला होता याबाबत त्यांची साक्ष मी जशीच्या तशी मानतो, कारण ते त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण देवाने त्यांना केव्हा आपलं म्हटलं, याच्या साक्षीदार त्याही नाहीत आणि आपणही नाही. जू झुगारणारी 1885 ची पत्रं लिहिणारी बाई ख्रिस्तापासून कोसो दूर होती, असं ती पत्रं वाचून म्हणायला जीभ रेटत नाही.

खात्री टिकली का

1893 मध्ये कसोटी लागली. शारदा सदनात धर्मप्रसार करायचा नाही असं ठरलेलं होतं. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं, मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात गहजब झाला, ‘केसरी’ने झोड उठवली, न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी दार लावून घेतलं नाही. दार उघडं ठेवणं बरोबर की चूक यावर आजही वाद होऊ शकतो. शब्द दिला होता तर तो कुठवर पाळायचा, हा पालकांचा प्रश्न रास्त होता. पण ज्यांच्या मान्यतेवर सगळं काम उभं होतं त्यांची मान्यता गेली तरी त्या हलल्या नाहीत, हे दिसतं.

1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि बायका आणल्या आणि केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. हे काम तारण मिळावं म्हणून चाललेलं नव्हतं. बाप्तिस्म्याआधीही त्या स्त्रियांसाठीच झटत होत्या, 1882 मध्ये आर्य महिला समाज त्यांनीच काढला होता. काम तेच राहिलं, त्यावरचा भार निघाला. योहानाचं पहिलं पत्र प्रीतीला जीवनाची खूण मानतं. खूण आणि किंमत यांची गल्लत न करता ते कसं जगायचं, याचं याहून स्पष्ट उदाहरण माझ्यापुढे नाही.

पवित्र शास्त्राविषयीची पुस्तकं वाचण्यात वेळ गेला असं म्हणणाऱ्या या बाईंनी पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायाबापड्यांना वाचता येईल अशा मराठीत सबंध पवित्र शास्त्राचं भाषांतर केलं. जुलै 1921 मध्ये मनोरमा वारल्या. आईने भाषांतराचं काम थांबवलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईही गेल्या.

कुणाला उपयोगी, कुणाला नाही

बाप्तिस्मा, घराणं, अभ्यास किंवा सेवा यांतल्या एखाद्या गोष्टीवर ज्याचा निवांत भार आहे, त्याने हे प्रकरण जरूर वाचावं. त्याची थोडी झोप उडाली तर हरकत नाही.

पण मंडळीत दुसऱ्या तऱ्हेची माणसंही असतात. मेळाव्यात आवाहन झालं की दर वेळी हात वर करणारी, समर्पणाची प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणणारी, मागच्या वेळी मनापासून झाली नसेल या भीतीने. त्यांना रमाबाईंच्या जागलेल्या रात्री सांगितल्या तर आपण पुरेसं तळमळलो नाही अशी एक नवी टोचणी त्यांना लागेल. त्यांच्या बाबतीत पश्चात्तापच कर्मकांड होऊन बसलेला असतो, आणि पश्चात्ताप नि निश्चय यांवर क्षमा टेकवणं हीच तर रमाबाईंनी आपली चूक म्हणून दाखवली होती. अशा माणसाला आणखी एकदा प्रार्थना करायला लावू नये. 1 करिंथ 1:30 त्याच्यासोबत शांतपणे वाचावं. रमाबाईंनी आपल्याला न उमगलेलं वचन म्हणून हेच नोंदवलं आहे: देवाने ख्रिस्तालाच आपल्याकरता नीतिमत्त्व, पवित्रीकरण आणि मुक्ती केलं आहे. आपली तळमळ किती खोल होती हा प्रश्न त्या वचनात कुठे येतच नाही. आणि झोप न लागणं, सतत अपराधी वाटणं महिनोन्महिने चाललं असेल, तर पाळकाबरोबर डॉक्टरलाही भेटावं. त्यात विश्वासाची कमतरता नाही.